नवरा म्हणतो, कार्ड कॅन्सल करतो

या महिन्यात टपाल उघडलं आणि मलाच नवल वाटलं. एरवी या सदरात सातबारा, फेरफार, धुऱ्याची भांडणं, पीक विमा हेच असतं, यावेळी चारही पत्रं अमेरिकेची निघाली, त्यातली तीन ग्रीन कार्डाची, म्हणजे तिकडे कायम राहायच्या परवान्याची! आता आपल्याकडे यवतमाळ, बुलडाण्याच्या खेड्यातलीही एखादी पोरगी, एखादा पोरगा तिकडे अमेरिकेत असतोच, आणि तिकडचं बिनसलं की गाठोडं शेवटी इथल्याच ओसरीवर येऊन पडतं. मी तिकडची वकील नाही हे आधीच सांगते. अकरा वर्षं ओहायोत काढली, स्वतः कार्डवाली होते, आता इथं तालुका कोर्टात वकिली करते. पत्रांतली नावं काढलीयेत, मजकूर थोडा कापलाय.

प्रश्न : ताई नमस्कार. माझं माहेर दारव्हा तालुक्यात. लग्न २०१७ ला झालं, मिस्टर न्यू जर्सीत, कंपनीकडून त्यांची ग्रीन कार्डची फाइल होती त्यातच माझंपण झालं २०२१ ला, दहा वर्षांचं कार्ड आहे. मागच्या दिवाळीच्या तोंडावर बाबांना लकवा मारला म्हणून आले. आई एकटी, भाऊ नाही, सहा एकर पराटी आणि तूर, कोण बघणार. दोन महिन्यांत जाते, तीन महिन्यांत जाते म्हणता म्हणता पोळा झाला. मधल्या काळात आमचं दोघांचं फार बिनसलं, ते आता फोन घेत नाहीत, फक्त व्हॉट्सॲपवर लिहितात की वकिलाशी बोललोय, तुझं कार्ड कॅन्सल करून टाकतो, तू तिथंच राहा. आई म्हणते कार्ड त्यांनीच काढून दिलं होतं ना, मग ते काढूनही घेतील. कुणी म्हणतं सहा महिने झाले की आपोआप रद्द होतं. रात्री झोप लागत नाही, यातलं खरं काय?

उत्तर : आधी आईला सांगा की हे रेशनकार्ड नाही. कुटुंबप्रमुखानं तहसीलात अर्ज दिला आणि सुनेचं नाव कमी झालं, असं तिथं होत नाही. तुमचा नंबर त्यांच्या फाइलमधून लागला हे खरं, पण कार्ड मंजूर झालं त्या दिवसापासून तो दर्जा तुमचा स्वतःचा. दहा वर्षांच्या कार्डाला घटस्फोटानं काही होत नाही, वेगळं राहण्यानं तर नाहीच. ते पत्र लिहोत, फोन करोत, वकिलाकडून नोटीस पाठवोत, कार्ड काढून घ्यायचा अधिकार नवऱ्याकडे नाहीच. सरकारला काढायचं असेल तर तेही तुमची मर्जी नसताना इमिग्रेशन जजसमोर जाऊनच. हां, कार्ड मंजूर व्हायच्या आधी घटस्फोट झाला असता तर तुमचा अर्ज तिथंच बाद झाला असता, पण ती वेळ २०२१ लाच निघून गेली.

म्हणजे भीती नवऱ्याची नको, कॅलेंडरची ठेवा. "सहा महिन्यांत एकदा जाऊन आलं की झालं" हे आपल्याकडे गुरुमंत्रासारखं सांगतात, ते अर्धंच खरंय. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात की परत जाताना तुम्हाला नव्यानं प्रवेश मागणाऱ्यासारखं धरून विचारपूस करता येते, कार्ड आपोआप रद्द वगैरे होत नाही. खरी भिंत एक वर्षाची. वर्ष किंवा जास्त झालं तर ते कार्ड नुसतं दाखवून आत जाता येत नाही, मग त्याच्यावर एक्स्पायरी २०३१ छापलेली असो नाहीतर २०४१. आणि उलटपण ध्यानात घ्या, दर पाच महिन्यांनी पंधरा दिवस तोंड दाखवून येणाऱ्याचंही जाऊ शकतं, कारण तिकडचे इमिग्रेशनवाले बघतात एकच गोष्ट, तुमचं घर कुठे आहे. बाहेर गेलात ते तात्पुरत्या कामाला गेलात का, ते काम कधी संपणार होतं, आणि मागे तिकडे काय ठेवून गेलात.

तुमचं काम तात्पुरतं होतं हे कागदावर आहे, फक्त गोळा करा. बाबांचं डिस्चार्ज कार्ड, फिजिओथेरपीच्या तारखा, औषधाची बिलं, आणि डॉक्टरांकडून एक पत्र की अमुक तारखेपासून पेशंटला चोवीस तास माणूस लागत होतं आणि आता किती सुधार आहे. मराठीत जे असेल त्याचं इंग्रजी भाषांतर. सोबत तिकडचं जे काही जिवंत आहे ते : बँक खातं, ड्रायव्हिंग लायसन्स, भाडेकरारावर तुमचं नाव, विमा, लायब्ररीचं कार्डही चालेल. आणि तुमच्या मागं इथं बाबांसाठी काय सोय केली तेही सांगता आलं पाहिजे, शेत ठोक्यानं दिलं, बाई ठेवली, काहीतरी. नाहीतर ऑफिसर विचारतो की मग आता अचानक कशी निघालीस.

टॅक्सचं फार लोक विसरतात. कार्ड आहे तोवर तुम्ही तिकडच्या हिशेबी रहिवासी, जगात कुठंही कमावलेलं तिथल्या रिटर्नमध्ये दाखवायचं. नवरा-बायको वेगवेगळं रिटर्न भरतात तेव्हा पाच डॉलर उत्पन्न असलं तरी भरावं लागतं, म्हणजे इथल्या एफडीचं व्याजसुद्धा पुरतं. नवऱ्यानं यावर्षी दोघांचं एकत्र भरलं की एकट्याचं, हे विचारून घ्या. आणि कुणी सीए चुकून "नॉन-रेसिडेंट" म्हणून भरून देत असेल तर त्याचा हात धरा, तो कागद म्हणजे मी आता तिथली नाही असं स्वतःच्या सहीनं लिहून देणं.

आता करायचं काय ते. पासपोर्टवर भारतात उतरल्याचा शिक्का बघा, तिथून वर्ष मोजा, आणि त्याच्या निदान दोन-तीन आठवडे आधी तिकडे उतराल असं तिकीट काढा. दिवाळी करूनच जाते म्हणू नका, या वर्षी दिवाळी बाबांसोबत फोनवर. तिथं गेल्यावर परत यायचंच असेल तर री-एंट्री परमिट, म्हणजे परत आत यायची आगाऊ परवानगी, काढा, फॉर्म आय-१३१. हा अर्ज करताना तुम्ही अमेरिकेच्या आत असावं लागतं, दारव्ह्याच्या सायबर कॅफेतून होत नाही. बोटांचे ठसे तिथंच देऊन मग निघायचं, परमिट नंतर मुंबईच्या कॉन्सुलेटमधून पण घेता येतं. जास्तीत जास्त दोन वर्षांचं मिळतं. त्यानं कार्डाची बाजू सांभाळली जाते, सिटिझनशिपचे दिवस मात्र नाही. सिटिझनशिपला सलग पाच वर्षांचा रहिवास लागतो, त्यात सहा महिन्यांवरची गैरहजेरी आली की तो तुटला असं धरून चालतात, तुटला नाही हे तुम्ही दाखवायचं. वर्षाची गैरहजेरी आली तर तुटलाच.

आणि पत्ता! हे मी जरा ओरडूनच सांगते. तुमची सगळी सरकारी पत्रं अजून मिस्टरांच्या घरच्या पेटीत पडतायत. पत्ता बदलला की दहा दिवसांत ऑनलाइन कळवायचा नियम आहे, एआर-११ म्हणतात त्याला. मैत्रीण, मावसबहीण, कुणाचा तरी पत्ता घ्या, पण नवऱ्याच्या हाती तुमचा कागद जाऊ देऊ नका.

एअरपोर्टचं माझं स्वतःचं सांगते. २०१४ ला सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून मी अकरा महिने इथं होते. परत गेले तर खिडकीवरच्या माणसानं पासपोर्ट उलटून पालटून पाहिला आणि मला आतल्या खोलीत बसवलं, तिथं प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक थंड पेयाचं मशीन घुर्र घुर्र करतंय, माझी बॅग उघडून टेबलावर भिवापुरी तिखटाची पुडी, कुरड्या, सांडगे असं सगळं मांडलेलं, आणि तो ऑफिसर अगदी गोड आवाजात म्हणाला, तुम्ही तर तिकडेच राहता, हा फॉर्म भरून द्या, आज आत सोडतो, पुढे टुरिस्ट व्हिसा काढा, सोपं पडेल. पेनचं टोपण काढून पेन माझ्याकडे सरकवलं. फॉर्मवर नंबर होता आय-४०७. मी वाचत बसले. वर लिहिलेलं होतं की हे तुम्ही स्वखुशीनं सोडताय. मी म्हटलं, स्वखुशी नाहीये, मला जजसमोर जायचंय. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पेन उचललं, दोन तास बसवलं, आणि सोडलं.

सगळ्यांना असं सोडतीलच असं नाही. सही केली नाही तर ते नोटीस टू अपिअर देऊ शकतात, म्हणजे तारीख. पण तारीख लागली तर तुम्ही कार्डवाल्याच असता, आणि तुम्ही घर सोडलं हे ठामपणे सिद्ध करायचं ओझं सरकारच्या डोक्यावर असतं, तुमच्या नाही. सही केलीत की ते सगळंच संपलं. झोप आलेली असते, चौदा-सोळा तासांचा प्रवास, इंग्रजी फाटतं, अशा वेळी माणूस कशावरही सही करतो. तुम्ही नका करू. समजत नसेल तर दुभाषी मागा.

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. मी मेहकर तालुक्यातील निवृत्त शिक्षक. जावई अमेरिकन नागरिक आहेत. मुलगी लग्नाच्या व्हिसावर गेली, तिला दोनच वर्षांचे कार्ड मिळाले, ते येत्या फेब्रुवारीत संपते. एप्रिलमध्ये ती अचानक एका बॅगेनिशी परत आली. काय झाले ते नीट सांगत नाही, पण तिच्या आईने अंघोळीच्या वेळी दंडावरचे डाग पाहिले. जावई म्हणतात पुढच्या कार्डासाठी मी सही देणार नाही, आणि मी सरकारला दिलेली हमीही मागे घेतो. समाजाची बैठक बसली, मंडळींनी ठरवले की फारकत लिहून घ्यावी, मजकूर असा की "लग्न नावापुरते झाले, उभयतांनी संसार केलाच नाही," म्हणजे मुलीचे दुसरे लग्न सोपे जाईल. स्टॅम्प पेपर आणून ठेवला आहे. सही करावी का?

उत्तर : सर, तो स्टॅम्प पेपर कपाटात ठेवा आणि किल्ली तुमच्याजवळ ठेवा.

का ते सांगते. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत कार्ड मिळालं तर ते अटीचं असतं, तुमच्या मुलीचं तसंय. संपायच्या आधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोनं मिळून फॉर्म आय-७५१ भरायचा, मग अट निघते आणि दहा वर्षांचं कार्ड येतं. नवरा सही देत नसेल तर बायकोनं एकटीनं, सूट मागून, तोच फॉर्म भरायचा. सूट मागायचे मुख्य रस्ते तीन. एक, लग्न खऱ्या मनानं केलं होतं पण घटस्फोटानं संपलं. दोन, लग्न खरं होतं आणि नवऱ्यानं मारहाण किंवा छळ केला. तीन, तिला परत पाठवलं तर अतोनात हाल होतील. यातल्या पहिल्या दोघांचा पाया एकच, लग्न खरं होतं. आणि बैठकीतले शहाणे काय लिहून घ्यायला निघालेत? की लग्न नावापुरतं होतं! पंचांचा हेतू वाईट नाही, पोरीच्या दुसऱ्या लग्नाची काळजी त्यांना आहे, मान्य. पण हा कागद जावयाच्या हातात पडला आणि त्यानं तो तिकडे पाठवला तर तुमच्या मुलीनं कार्डासाठी खोटं लग्न केलं असा त्याचा अर्थ निघतो, आणि खोट्या लग्नाचा शिक्का बसला की कार्ड तर जातंच, पुढे दुसऱ्या कुणामार्फत जायचा रस्ताही बंद होतो. माझ्याकडे कोर्टात फारकतीचे शेकडो कागद येतात, निम्म्यांत हे वाक्य असतंच, कुणीतरी अर्जनवीसानं कधीकाळी लिहिलं आणि सगळे उतरवत आले. शिवाय हा कागद घटस्फोट म्हणून तिकडे धरून चालू नका. त्यांना कोर्टाचा हुकूमनामा लागतो.

नुसतं वेगळं राहणं किंवा ज्युडिशियल सेपरेशन, म्हणजे घटस्फोट न घेता कोर्टाच्या हुकमानं वेगळं राहणं, हे पहिल्या रस्त्याला पुरत नाही, घटस्फोट पूर्ण लागतो. पण केस चालू असताना अर्ज टाकता येतो, इमिग्रेशनवाले मग पत्र पाठवून अंतिम हुकूमनामा मागतात. सूट मागणाऱ्याला ९० दिवसांची वाट पाहावी लागत नाही, आजही टाकता येतो. फेब्रुवारी उलटली आणि काहीच भरलं नाही तर दर्जा संपतो आणि मामला जजकडे जातो, उशीर का झाला याचं कारण लिहीत बसावं लागतं, ती वेळ येऊ देऊ नका. अर्ज पोचल्याची पावती येते तिनं जुनं कार्ड ४८ महिने पुढे चालतं, पावती आणि संपलेलं कार्ड दोन्ही जवळ ठेवायचं.

आता दंडावरच्या डागांचं. सर, तुम्ही बाप आहात, तुम्ही विचारू नका, तिची आई किंवा तिची एखादी मैत्रीण विचारेल. तिनं सांगितलं तर दुसरा रस्ता उघडतो, त्याला घटस्फोटाची वाटसुद्धा पाहावी लागत नाही. छळ म्हणजे फक्त मार नाही, फोन काढून घेणं, घरात कोंडणं, पैसे न देणं, कार्ड काढून घेईन म्हणून रोज धमकावणं, हेही त्यात येतं. तिच्या फोनमधले मेसेज पुसू देऊ नका, मुली रागाच्या भरात आधी तेच करतात. आल्या आल्या डॉक्टरला दाखवलं असेल तर ओपीडीचा तो कागद, तारखेसकट. आणि या आधारावरच्या अर्जाची माहिती इमिग्रेशन ऑफिस नवऱ्याला देत नाही, कायद्यानंच मनाई आहे.

लग्न खरं होतं याचे पुरावे वेगळे जमवा : दोघांच्या नावाचं बँक स्टेटमेंट, भाडेकरार, विमा, एकत्र फिरल्याचे फोटो, दिवाळीला तुम्हाला केलेल्या व्हिडिओ कॉलचे स्क्रीनशॉट, शेजारणीचं प्रतिज्ञापत्र. लग्नाची पत्रिका आणि आहेराची वहीसुद्धा ठेवा, हसू नका, आहेराच्या वहीत दोनशे माणसांची नावं असतात.

हमीची धमकी पोकळ आहे. जावयानं भरून दिलेला आय-८६४ हा मुलीचा खर्च उचलायचा, सरकारशी केलेला करार आहे, मुलगी तिकडे कार्डावर उतरली की तो मागे घेता येत नाही, घटस्फोटानंही संपत नाही. ती सिटिझन होईतो, किंवा तिथं साधारण दहा वर्षांइतकं काम तिच्या खात्यावर जमा होईतो, किंवा ती कायमची तिथून निघून जाईतो जावई बांधलेला आहे. हे त्याला कुणीतरी सांगितलेलं दिसत नाही, तुम्हीही इतक्यात सांगू नका.

घटस्फोट इथं मागायचा की तिथं, हा प्रश्न खरा अवघड. इथं मागायचा तर २००३ पासून बायको जिथं राहते तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो, म्हणजे मुंबई-पुण्याला पळायला नको, आपल्या जिल्ह्यातच होतं. दोघं राजी असतील तर हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब, वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि मधे सहा महिने थांबावं लागतं, पण सुप्रीम कोर्टानं २०१७ ला सांगितलंय की योग्य प्रकरणात ते सहा महिने माफ करता येतात, आणि व्हिडिओवरून हजेरीही चालवून घेता येते. जावई अडून बसला तर मात्र इथं वर्षं जातात, माझ्याच फायली साक्षीदार घेऊन म्हाताऱ्या झाल्यात. तिकडे सगळ्या राज्यांत दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळतो, फक्त त्या राज्यात किती दिवस राहिलेलं असावं लागतं ते राज्यागणिक वेगळं. पण जावयानं तिकडे एकतर्फी घटस्फोट घेतला आणि मुलगी त्या केसमध्ये हजरच झाली नाही, तर तो हुकूम आपल्या कोर्टात मानला जाईलच असं नाही, १९९१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. म्हणजे तिकडे घटस्फोटित आणि इथं विवाहित अशी त्रिशंकू अवस्था. समन्स आलं तर दुर्लक्ष करू नका, वकील लावा.

फेब्रुवारीच्या बऱ्याच आधी तिनं परत जावं असं माझं मत, पण त्या घरी नाही. आणि जाते की नाही हे तिनं ठरवायचं, बैठकीनं नाही. नाही म्हणाली तर तेही ऐका.

प्रश्न : ताई, मी वरूडकडचा, सत्तरीतला माणूस. पोरानं मले अन् बाईले ग्रीन कार्ड करून देल्लं. बाई तिकडच हाय दोन वर्सापासून, नातवाईले सांभाळते. मी इकडं संत्र्याच्या बागेपायी अडकलो, मंग वाटणीची केस, मंग मृग बहार, असे सोळा महिने झाले. कार्ड तं २०३० लोक हाय. दिवाळी झाली का जातो म्हणतो. पोरगा म्हणते बाबा तुमाले आता येऊ देनार नाई, मले काई समजून नाई राह्यलं, कार्ड चालू हाय मंग काहून नाई येऊ देनार?

उत्तर : काका, पोरगा बरोबर सांगतोय. कार्डाची तारीख ही प्लॅस्टिकची तारीख आहे, तुमच्या राहण्याची नाही. वर्ष उलटलं, परमिट काढलेलं नव्हतं, आता विमान कंपनीच तुम्हाला नागपूर-मुंबईहून चढवायला कचरेल.

एक रस्ता आहे, एसबी-१ म्हणतात, परत येणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा. मुंबईच्या कॉन्सुलेटला डीएस-११७ फॉर्म भरून सांगायचं की जाताना मी परत यायच्याच इराद्यानं आलो होतो आणि थांबावं लागलं ते माझ्या हाताबाहेरच्या कारणानं. हृदयाचं ऑपरेशन झालं, पाय मोडला, पासपोर्ट अडकला, असलं. संत्रा तोडणी हाताबाहेरचं कारण धरत नाहीत हो काका, बाग दरवर्षी येते. वाटणीची केस मांडून बघता येईल, पण खोटं आजारपण दाखवायला कुणी सांगत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. सोळा महिन्यांत खरंच दवाखान्यात राहिला असाल तर ते कागद काढा, तुमच्या वयाच्या माणसानं ते कधीकधी सांगायचंच राहतं.

आणि एक विचारू का, तुम्हाला तिथं राहायचंय का? मला पत्रात कुठं दिसलं नाही. बाईंना भेटायचंय, नातवांना भेटायचंय, ते वेगळं. तसं असेल तर कार्ड आपण होऊन परत करून टुरिस्ट व्हिसा मागणं जास्त सरळ. वर ज्या आय-४०७ वर मी एअरपोर्टवर सही केली नाही, तोच फॉर्म २०२१ ला मी आमच्या ओसरीत बसून, बाजूला तूर वाळत घातलेली, स्वतः भरला आणि पोस्टानं पाठवला, कारण तेव्हा मला खरंच इथं राहायचं होतं. परत केलं म्हणून पुढचं दार कायमचं बंद होत नाही, मुलगा तिकडचा नागरिक असेल तर तो आईबापासाठी पुन्हा अर्ज करू शकतो, आणि आईबापांना ती वर्षानुवर्षांची रांग नसते. बाईंचं मात्र लक्षात ठेवा, त्या तिथं आहेत म्हणून त्यांचं कार्ड शाबूत आहे, तुमच्या गैरहजेरीचा त्यांना काही त्रास नाही. दोघं वेगळे राहता म्हणून कुणी काही विचारणार नाही, हे नातवंडांपायीचं सेपरेशन आहे, निम्म्या विदर्भाचं चालू आहे!

प्रश्न : मी आर्वी तालुक्यात माहेरी असते. मुलगा सात वर्षांचा, जन्म टेक्सासचा, आता इथं झेडपीच्या शाळेत जातो. त्याचा अमेरिकन पासपोर्ट संपत आलाय. आम्ही वेगळे झालो, वडील सही देत नाहीत. त्याची सिटिझनशिप जाईल का?

उत्तर : नाही जाणार. पासपोर्ट संपला तरी नागरिकत्व जन्मानं मिळालेलं आहे, तो इथं कितीही वर्षं राहिला तरी त्याचं काही होत नाही, ग्रीन कार्डाचे वर वाचलेले नियम त्याला लावू नका. पण सोळा वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टाला आई-बाप दोघांची संमती लागते, वडील येत नसतील तर त्यांनी डीएस-३०५३ हा संमतीचा फॉर्म नोटरीसमोर सही करून द्यायचा. तेही देत नसतील तर एकतर कोर्टाचा हुकूम की मुलाचा संपूर्ण ताबा तुमचा आहे, नाहीतर डीएस-५५२५ भरून खास परिस्थिती सांगायची. वडिलांना केलेले मेसेज, न उचललेले कॉल, कुरिअरची पावती, हे सगळं त्याला जोडा.

मला काळजी दुसरीच वाटते. तो इथं कशावर राहतोय? अमेरिकन पासपोर्टवर आलेल्या लेकराला भारतात राहायला व्हिसा लागतो किंवा ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना इथं राहायला मिळणारं कार्ड. तुम्ही भारतीय नागरिक आहात म्हणजे त्याचं ओसीआय होऊ शकतं, झालेलं नसेल आणि व्हिसा संपलेला असेल तर ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी वेबसाइटवर आधी ते नीट करा, नाहीतर परत जायच्या दिवशी नागपूरच्या विमानतळावर अडवतील आणि सात वर्षांच्या पोराला तिथं काय समजावणार. शाळेच्या दाखल्यावर नागरिकत्वाच्या रकान्यात मास्तरांनी सवयीनं "भारतीय" लिहिलं असेल तर तेही बघून घ्या.

आणि फोटो. तालुक्याचा स्टुडिओवाला आपल्या मापाचा देतो, मागे निळा पडदा लावून. त्याला आधीच सांगा : दोन इंच बाय दोन इंच, मागे पांढरं, चष्मा काढून, आणि पोराला हसवू नको.